१४ मिलिमीटरचा खडा मण्यांच्या कोंदणात का बसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १४ मिलिमीटरच्या रिव्होली क्रिस्टलभोवती (दोन्ही बाजूंनी टोकदार गोल खडा) मण्यांचं कोंदण विणताय. व्हिडिओत सांगितले तसे ३६ मणी ओवले, पोटाचे, म्हणजे मधल्या रुंद भागाचे, फेर घातले, मग बारीक मण्यांचे दोन फेर घातले. तरी खडा आत खुळखुळतो आणि बोट लागलं की पुढून बाहेर येतो. जोर लावून ओढलं तर दोरा तुटतो. मैत्रीण म्हणते, मागून इन्स्टंट ग्लूचा थेंब सोड, काम झालं.

ग्लूचं शेवटी सांगते, तोवर बाटलीचं झाकण लावून ठेवा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत माझी नजर आधी मण्यांवर गेली. विणकाम वाईट नाही. पण व्हिडिओतले ३६ मणी आणि तुमचे ३६ मणी एक नाहीत. त्या बाईंच्या ताटलीत डेलिका आहेत, म्हणजे जपानच्या मियुकी कंपनीचे नळीसारखे सरळ कापलेले मणी. ११ नंबरच्या डेलिकाचा व्यास १.६ मिलिमीटर आणि लांबी १.३ मिलिमीटर, आणि एक मणी दुसऱ्यासारखाच. तुमचे मणी गोल आहेत, त्यातही काही फुगीर तर काही चपटे. भुलेश्वरला किंवा पुण्यात रविवार पेठेत वजनावर मिळतात तसले. पाकिटावर ११ नंबर लिहिलेलं असलं तरी फोटोत पट्टी शेजारी ठेवलीत म्हणून सांगते, तुमचा एक मणी सरासरी दीड मिलिमीटर जागा खातोय.

आता हिशेब करा. ३६ गुणिले १.३ म्हणजे ४६.८ मिलिमीटर. ३६ गुणिले १.५ म्हणजे ५४. चोपन्न मिलिमीटर घेराच्या वर्तुळाचा व्यास होतो सतरा मिलिमीटरच्या आसपास. सतराच्या कड्यात चौदाचा खडा खुळखुळणार नाही तर काय होईल! आणि इथे ओढून काही साधत नाही. मण्याला मणी टेकला की पुढे काच दबत नाही. त्यानंतरचा सगळा जोर दोऱ्यावर येतो आणि तो तुटतो.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कुणालाही मी आकड्यांचा तक्ता देत नाही. आधी मोजायला लावते. हातातले वीस मणी सुईवर घ्या, एकमेकांना टेकवा, पट्टीवर लांबी बघा आणि वीसने भागा. ही तुमच्या मण्याची खरी लांबी. खड्याचा व्यास गुणिले ३.१४ म्हणजे खड्याचा घेर. घेराला मण्याच्या लांबीने भागा, येईल त्याच्या वरची सम संख्या घ्या आणि तीत दोन मिळवा. दोन का, तर मण्यांना जाडी असते आणि खडा त्यांच्या आत बसतो, मधोमध नाही. शिवाय दोराही थोडी जागा खातो.

डेलिकाला हा हिशेब लावून बघा. १४ चा घेर ४४, भागिले १.३ म्हणजे ३३.८, वरची सम संख्या ३४, अधिक दोन झाले ३६. व्हिडिओतला आकडा इथून आला. १८ मिलिमीटरच्या रिव्होलीला ४६ येतात. १२ च्या खड्याला ३२ येतात, पण हात घट्ट असेल तर ३० वरही छान बसतो. ८ मिलिमीटरच्या शॅटनला, म्हणजे सपाट माथ्याच्या आणि मागे टोक असलेल्या गोल खड्याला, २२. तुमच्या दीड मिलिमीटरच्या मण्यांना १४ च्या खड्यासाठी येतात ३२, म्हणजे तुम्ही चार मणी जास्त घातलेत. एवढ्याशा कामात चार मणी म्हणजे फार झाले.

एक गोष्ट राहिली. खडाही मोजा. आपण सगळे वर्षानुवर्षं स्वारोव्स्कीच्या भरवशावर होतो. ऑस्ट्रियातल्या वाटेन्स गावात १८९५ साली सुरू झालेली ही कंपनी, आणि तिचा १४ म्हणजे १४. पण हौशी कारागिरांना सुटे खडे विकणं तिने बंद करायचं ठरवलं, ते २०२० मध्ये जाहीर झालं. आता बाजारात जुना साठा आहे, चेक प्रजासत्ताकाच्या प्रेसिओसाचे खडे आहेत आणि चिनी खडे आहेत. चिनी खड्यांत एका पाकिटातसुद्धा अर्ध्या मिलिमीटरचा फरक मला सापडलेला आहे. व्हर्नियर कॅलिपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, प्लास्टिकचा स्वस्तातला चालतो. कानातल्यांची जोडी करायची असेल तर दोन खडे मोजून सारखे निवडा, नाहीतर एकाचं कोंदण घट्ट आणि दुसऱ्याचं सैल होतं आणि दोष तुम्ही स्वतःच्या हाताला देत बसता.

आता खडा पुढून का निसटतो ते बघू. पोटाचा घेर नीट जमला तरी हा प्रश्न उरू शकतो.

रिव्होलीचा आकार बोटांनी चाचपून बघा. पुढेही टोक, मागेही टोक आणि सगळ्यात रुंद भाग मधली कड. कोंदणाचं पोट त्या कडेएवढं हवं आणि पुढचं-मागचं तोंड कडेपेक्षा लहान हवं. खडा एवढ्यावरच धरलेला असतो, त्याला दुसरा कसलाही आधार नाही. उकडीच्या मोदकाची पारी आठवा, पोट सारणाएवढं आणि तोंड आवळत न्यायचं. आपण तोंड आवळतो ते मण्यांची संख्या कमी न करता, मणी बारीक करून. मण्यांचा नंबर वाढतो तसा मणी लहान होतो, सुईसारखंच. १५ नंबरच्या मण्याची लांबी एक मिलिमीटरच्या जवळपास असते. पोटात १.३ च्या छत्तीस जागा आणि तोंडाशी १ च्या छत्तीस जागा, म्हणजे तोंडाचा व्यास बारा मिलिमीटरच्या आतबाहेर येतो. चौदाच्या खड्याला बाराचं तोंड. म्हणजे चारी बाजूंनी जेमतेम एक मिलिमीटरचा ओठ खड्यावर येतो. तुमचे ‘बारीक’ मणी फोटोत १३ नंबरचे वाटतात. त्यांनी हा ओठ निम्मासुद्धा होत नाही, आणि पोट आधीच सैल.

१५ नंबर मिळत नसेल तर दुसरा मार्ग आहे. तोंडाच्या शेवटच्या फेरात मणी घटवायचे, जसे स्वेटरच्या गळ्याला टाके कमी करतो. दोन टाक्यांत मणी घाला, तिसऱ्या टाक्यात मणी न घेता सुई सरळ पुढच्या वर आलेल्या मण्यातून काढा आणि ओढा. अठराच्या फेरात सहा मणी कमी होतात, तोंड चांगलं आवळतं आणि थोडी नक्षी पण येते. दिसायला १५ नंबरइतकं नाजूक नाही, पण पकड पक्की.

विणताना काय काय होतं ते आता क्रमाने सांगते, कारण तुमची एक चूक तिथेही आहे.

दीड मीटर दोरा घ्या. डेलिकाचे ३६ मणी ओवून कडं करा, गाठ मारा आणि मागे निदान अर्धा मीटर शेपटी सोडा. ती पुढच्या तोंडासाठी लागणार आहे. तुम्ही दहा सेंटिमीटर सोडली होती असं दिसतं, म्हणून मध्येच दोरा जोडावा लागला. हे ३६ मणी म्हणजे पहिला आणि दुसरा असे दोन फेर आहेत. तिसऱ्या फेरात एक मणी घ्यायचा, कड्यातला एक मणी सोडायचा आणि त्याच्या पुढच्यातून सुई काढायची. असे अठरा मणी बसले की पहिले ३६ वरखाली सरकून विटांच्या भिंतीसारखे दिसू लागतात. हाच पेयोटी टाका. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या धार्मिक विधींत पेयोटी नावाचं निवडुंग वापरतात. त्या विधींच्या वस्तूंवर असं मणीकाम असायचं, त्यावरून हे नाव पडलं.

फेर संपतो तिथे पायरी चढावी लागते. अठरावा मणी बसवल्यावर सुई त्याच फेराच्या पहिल्या मण्यातूनही काढायची, मगच पुढचा फेर. तुमच्या कोंदणाला एका जागी जो खड्डा दिसतोय, तो ही पायरी विसरल्यामुळे. दर फेरात पायरीची जागा एक मणी सरकते, त्यामुळे ‘इथे सुरुवात होती’ म्हणून खूण करून ठेवण्यात अर्थ नाही. अठरा मोजा, थांबा, पायरी चढा.

तिसऱ्या फेरानंतर लगेच १५ नंबर घेऊन दोन फेर घाला, प्रत्येकी अठरा मणी. इथे दर चार-पाच टाक्यांनी दोरा ओढा, फेर संपल्यावर एकदम ओढू नका. शेवटचा फेर झाला की त्यातून एकदा नुसतीच सुई फिरवून घ्या. आतापर्यंत एक छोटी वाटी झालेली असते. ही मागची बाजू. खडा टोक खाली करून वाटीत ठेवा, शेपटीच्या दोऱ्यात सुई ओवा आणि कड्याच्या दुसऱ्या काठावर १५ नंबरचेच दोन फेर घालून पुढचं तोंड आवळा.

बरेच जण पुढची बाजू आधी करून, खडा पालथा घालून मागची बाजू शेवटी बंद करतात. मी उलटं करते, त्याचं कारण आहे. शेवटची बाजू बंद करताना सुईचं टोक खड्यावरून घासत जातं. पुढची बाजू नुसती काच आहे, तिला सुईने काही होत नाही. मागे चंदेरी फॉइल आहे आणि फॉइलवर सुईचा एक ओरखडा म्हणजे पुढून दिसणारी काळी रेघ. ती कायमची. मागची वाटी आधी केली की सुई फॉइलला लागतच नाही.

याच कारणासाठी रिव्होली डबीत एकावर एक टाकून ठेवू नका. एकाची कड दुसऱ्याच्या फॉइलला खरवडते. मी त्यांना औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या कप्प्यांत ठेवते. घरात रक्तदाबाच्या गोळ्या खाणारं कुणी असलं की कप्प्यांचा तुटवडा होत नाही.

दोऱ्याबद्दल. तुम्ही शिलाई मशीनचा पॉलिएस्टर दोरा वापरताय. स्वस्त मण्यांच्या भोकाच्या कडा कच्च्या आणि धारदार असतात, त्या हा दोरा कापतात. नायलॉन बरा, पण तो हळूहळू ताणला जातो आणि सहा महिन्यांनी कोंदण सैल पडतं. मी फायरलाईन वापरते. मुळात ती मासेमारीची दोरी आहे. त्यावर पाउंडात ताकद लिहिलेली असते, या कामाला ६ पाउंडची घ्या. पुष्कळ फेर एकाच मण्यातून जाणार असतील तर ४ ची. ती न मिळाल्यास मासेमारीचं सामान विकणाऱ्याकडे तेवढ्याच ताकदीची विणलेली बारीक लाईन मिळते. एकसंध पारदर्शक तंगूस मात्र नको. त्याला पीळ बसतो, गाठ सुटते आणि जुना झाला की तो कडक होतो. धुरकट रंगाच्या फायरलाईनचा काळा रंग बोटांना आणि पांढऱ्या मण्यांना लागतो, म्हणून आधी दोरा कोरड्या फडक्यातून दोनदा ओढून घ्या. चांगली कात्री तिच्यावर वापरू नका, धार जाते.

सुई १२ नंबरची. १५ नंबरच्या मण्यातून तिसऱ्या-चौथ्यांदा जाताना अडकली तर पक्कडीने ओढू नका, मणी फुटतो. आणि तो नेमका मधल्या फेरातला असतो! १३ नंबरची बारीक सुई घ्या किंवा शेजारच्या मण्यातून वाट काढा.

आता ग्लू. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मीही तोच शहाणपणा केला होता. निळ्या रिव्होलीचं पेंडंट होतं, कोंदण जरा सैल, म्हणून मागून इन्स्टंट ग्लूचा एक थेंब सोडला. सकाळी उठून बघते तर खड्यावर आणि मण्यांवर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर. त्या ग्लूची वाफ हवेतल्या ओलाव्याने घट्ट होऊन आजूबाजूला पांढरी बसते. पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर घेतला, तो मागे झिरपला आणि फॉइल सुटलं. खडा गेला आणि मण्यांचा सोनेरी मुलामाही गेला. शिवाय तो ग्लू वाळल्यावर कडक होतो. मण्यांचं कोंदण थोडं हलणारं असतं, तशा ठिकाणी तो तडकतो आणि खडा पुन्हा सुटा. सपाट पाठीच्या खड्याची गोष्ट वेगळी. तो जाड फेल्टवर लवचिक राहणाऱ्या ग्लूने नुसता जागेवर धरून ठेवायचा, भोवती उलट्या टाक्याने मण्यांची एक ओळ शिवायची आणि त्या ओळीवर पेयोटीची भिंत उभी करायची. तिथेही खड्याला धरते ती भिंतच. ग्लू फक्त शिवून होईपर्यंतचा मदतनीस.

खरं तर आपल्या सोनारांचं कोंदण याच तत्त्वावर चालतं. शुद्ध सोन्याची मऊ पट्टी खड्याच्या कडेला दाबून दाबून त्याच्यावर ओठ आणायचा. खाली लाख असते, पण खड्याला वरून धरतं ते सोनं. म्हणून मी या प्रकाराला मण्यांचं कोंदणच म्हणते, त्याचं इंग्रजी नाव बेझल म्हटलं की वर्गातल्या अर्ध्या बायका आधी स्पेलिंग विचारतात. आणि सुई-दोऱ्याने दागिना पक्का करणं हे तर आपल्याकडच्या पटवेकऱ्यांचं जुनं काम. माझ्या आजीची ठुशी गाठवून आणायला मी लहानपणी तिच्याबरोबर जायची. त्या आजोबांच्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला असायचा आणि दोन्ही हात मोकळे. ताण कसा एकसारखा ठेवायचा हे मी तिथे पाहिलं होतं, कळलं मात्र पंचवीस वर्षांनी.

मण्यांचा रंग निवडताना आपलं हवामान लक्षात ठेवा. आत चांदीचं अस्तर असलेले मणी घामाने आणि दमट हवेने काळे पडतात. साधा धातूचा मुलामा असलेले मणी एका उन्हाळ्यात पांढुरके होतात. मियुकीचे ड्युराकोट किंवा तोहो या दुसऱ्या जपानी कंपनीचे पर्माफिनिश हे पक्क्या मुलाम्याचे प्रकार घेतले तर टिकतात. शंका असेल तर पाच-सहा मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी पांढऱ्या कागदावर काढा. रंग सुटला असेल तर ते मणी तोरणाला वापरा.

कडी कुठे जोडायची हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येणार. पेंडंटची किंवा हुकाची कडी पोटाच्या मधल्या फेरातून काढा. तोंडाच्या बारीक मण्यांतून कधीच नको. भाचीच्या हळदीला मी स्वतः केलेली कानातली घातली होती, कडी तोंडाच्या फेराला जोडलेली, कारण तिथे ती जास्त नीटस दिसत होती. लटकणाऱ्या वजनाने तो ओठ दिवसभर वर ओढला गेला आणि संध्याकाळी फोटो काढताना डाव्या कानात नुसतं रिकामं कोंदण. खडा मांडवाच्या सतरंजीत कुठेतरी. उजवा अजून माझ्याकडे आहे, नवीन विद्यार्थिनींना दाखवायला ठेवलाय.

लंबगोल खड्यांना हिशेब तोच, फक्त घेर दोऱ्याने मोजा. १८ बाय १३ चा घेर ४९ च्या आसपास येतो, म्हणजे ४० डेलिका. चौकोनी आणि थेंबाच्या आकाराच्या खड्यांना कोपऱ्याशी मणी घटवावे लागतात. त्या वाटेला आत्ताच जाऊ नका. आधी सहा-सात गोल कोंदणं होऊ द्या.

आता हातातलं काम. ते सोडवायचंय, पण उसवत बसू नका, सुई फॉइलला लागेल. खडा तसाही सैल आहे, अंगठ्याने मागच्या टोकावर हलकं दाबून पुढून काढून घ्या. मग एक खोलगट ताट घ्या, त्यात टर्किश टॉवेलचा तुकडा अंथरा आणि त्यावर कोंदणाचा दोरा दोन-तीन ठिकाणी कापा. मणी टॉवेलच्या लुपांत अडकतात, घरभर उडत नाहीत. त्यातलेच सारख्या जाडीचे ३२ वेचून बाजूला काढा. फुगीर आणि चपटे राहू द्या, ते पुढे कुठेतरी लागतात. तोंडासाठी १५ नंबर आणेपर्यंत १३ नंबरचेच वापरा आणि शेवटच्या फेरात मणी घटवा. बत्तीसच्या कड्यात एका फेरात सोळा मणी येतात, तिनाने नीट भाग जात नाही. तेव्हा तिथे चौथ्या टाक्याला घटवा, म्हणजे चार मणी कमी होतील. तेवढ्याने ओठ पुरेसा आला नाही, तर अजून एक फेर घालून त्यात पुन्हा दोन घटवा.